लाल डोळ्याचा दाखला

आमच्या गावात माणसाचे डोळे लाल दिसले की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर तो ताडीच्या गुत्त्यावरून आला, नाहीतर त्याचे डोळे आले. आदल्या संध्याकाळी तो राक्षसाचा सेनापती झाला होता, हे तिसरं कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. सोमवारी सकाळी दस्तनोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढताना एवढं माझ्या लक्षात आलं असतं, तर मी सरळ घरी परतलो असतो.

सेनापती झालो तो वाचनालयाच्या वर्धापनदिनाला. पंचावन्नाव्या वर्षी, सहा वर्षं दर रविवारी अप्पुक्कुट्टन आशानच्या अंगणात पाय आपटल्यानंतर, मला कथकळीतली ही पहिली भूमिका मिळाली होती. आशान म्हणजे आमचे गुरू, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. भूमिका अकरा मिनिटांची होती आणि त्यातली चार मिनिटं राक्षसराजाच्या मागे नुसतं उभं राहायचं होतं. पण उभं राहायचं म्हणजे पूर्ण वेषात, आणि डोळे लाल करून. त्यासाठी रानवांग्याच्या फुलातला कोवळा दाणा तळहातावर चोळून काळा करतात आणि खालच्या पापणीच्या आत ठेवतात. पाच मिनिटांत डोळे जास्वंदीसारखे होतात. पिढ्यान् पिढ्या हे चाललेलं आहे आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. माझे दाणे तर आशाननी स्वतः चोळून दिले होते.

बिघडलं ते नंतर, आणि माझ्या घाईने. चेहऱ्याच्या कडेला तांदळाच्या पिठीत बसवलेली कागदाची पांढरी झालर असते, ती तेल लावून सावकाश सोडवायची असते. पण वाचनालयाचे अध्यक्ष एका वार्ताहराला घेऊन रंगपटाकडे येताना दिसले. अर्धवट रंगलेल्या तोंडाने छापून यायला नको म्हणून मी झालर स्वतःच ओढली. तिचा एक कडक तुकडा उजव्या डोळ्यात गेला. मी कमरेच्या मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, टोकाने डोळा खसाखसा चोळला. वार्ताहराने राक्षसराजाचा फोटो काढला आणि तो निघून गेला.

घरी जाताना तंकमला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. "डोळ्यांपेक्षा पोट जास्त हलत होतं, पण लांबून तेही छान दिसत होतं."

सकाळी डावा डोळा पांढरा झाला होता. उजवा लाल होता, चुरचुरत होता आणि आत कुणीतरी वाळूचा कण ठेवल्यासारखा खुपत होता. एवढ्या कारणाने रजा घेणारा मी माणूस नाही. एकतीस वर्षांत मी आजारपणाची एकही रजा घेतलेली नव्हती, आणि हे मी दर नव्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगत आलो होतो.

आमच्या सध्याच्या बीना मॅडमनाही सांगितलं होतं. त्या सोमवारी एक कुटुंब जमिनीच्या वाटणीचा दस्त नोंदवायला आलं होतं. त्यातल्या आजीबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हा प्यायलेला माणूस आपली जमीन लिहिणार का रे?" मुलगा म्हणाला, "प्यायलेला नाही गं, डोळे आलेत त्याचे." हे ऐकून तर सगळं कुटुंबच दोन पावलं मागे सरकलं. आजीबाईंना दारुड्यापाशी उभं राहायची तयारी होती, साथीपाशी नव्हती.

मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांचं वय माझ्या नोकरीएवढं.

"पिषारडी सर, तुम्ही घरी जा. साथ नाही, असा सरकारी डॉक्टरांचा दाखला आणा आणि मगच कामावर या."

"मॅडम, साथ नाहीच आहे. मी परवा... काल सेनापती होतो."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात आजीबाईंचा पहिला संशय होता.

खरं कारण मी पुढे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी झालर सोडून दाणा धरला असता, आणि दाण्याच्या मागे आशान. त्यांच्याकडे सात-आठ मुलंमुली शिकायला येत होती, तेवढाच त्यांचा आधार. म्हाताऱ्याने हेडक्लार्कचा डोळा घालवला, अशी बातमी पसरायला आमच्या गावात दुपारच्या चहापर्यंतचा वेळ पुरतो. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

धूळ गेली म्हटल्यावर ती काढायला गाव आला.

पहिला आला शेजारचा पत्रोस. तो फौजेच्या इस्पितळात बावीस वर्षं भांडारपाल होता, त्यामुळे औषधांची नावं त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त पाठ आहेत आणि ती कशासाठी असतात हे तो अंदाजाने सांगतो. "चोळू नको," तो म्हणाला. हा त्या आठवड्यातला एकमेव बरोबर सल्ला होता आणि तो एक दिवस उशिरा आला. नंतर त्याने आपल्या बोटाने माझी पापणी उलटून पाहिली. त्या बोटाने तो थोड्या वेळापूर्वी मासे साफ करत होता.

तंकमच्या बहिणीने तगरीची फुलं रात्रभर पाण्यात भिजवून त्या पाण्याने डोळे धुवायला सांगितलं. धुतले. गार वाटलं, खुपणं तेवढंच राहिलं. मंगळवारी वैद्यांचं अंजन आलं, शहाळ्याच्या पाण्यात बनवलेलं. ते घातल्यावर पहिली दोन मिनिटं माणसाला दुसरा कुठलाही त्रास आठवत नाही. मी अंगणात विहिरीभोवती तीन चकरा मारल्या. कुंपणापलीकडून पत्रोस म्हणाला, "झोंबतंय ना? म्हणजे काम करतंय."

पत्रोसची बायको अन्नम्मा फारच मायाळू बाई. तिची धाकटी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बुधवारी सकाळी अन्नम्मा झाकलेली छोटी वाटी घेऊन आली, तंकमच्या कानात काही बोलली, आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. वाटीत आईचं दूध होतं. ते डोळ्यात घालतात, मला माहीत आहे, माझ्या आईनेही लहानपणी घातलं असेल. पण शेजारच्या मुलीचं, जिचं लग्न मी स्वतःच्या हाताने नोंदवलं, तिचं? मी न्हाणीघरात गेलो आणि आतून कडी लावली.

"त्यात लाजायचं काय?" तंकम बाहेरून म्हणाली. "औषध आहे."

"अन्नम्माला सांग, डोळा बरा झालाय."

"मग बाहेर येऊन दाखवा."

मी अन्नम्मा जाईपर्यंत आतच बसलो. वाटीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात दाखल्याचं कामही चालूच होतं. मंगळवारी मी आरोग्य केंद्रावर गेलो तेव्हा डॉक्टर शिबिराला गेले होते. गुरुवारी ते भेटले. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्याचा दाखला मला देता येत नाही. तालुक्याच्या इस्पितळात जा. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात."

शुक्रवारी बंद होता. कशासाठी ते मला आठवत नाही, तेव्हाही नीट माहीत नव्हतं. बंद म्हटल्यावर बस नाही, रिक्षा नाही, चहाचं दुकानही अर्धं दार लावून. तंकमच्या मावसभावाचा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. त्याला फोन करून बघितलं. तो भला मुलगा, नाही म्हणत नाही. म्हणाला, "काका, माझ्या लेटरहेडवर मी एवढंच लिहू शकतो की तुमचे दात आणि हिरड्या निरोगी आहेत." मी दोन मिनिटं त्यावरही विचार केला. बीना मॅडम दाखले नीट वाचतात, म्हणून सोडून दिला.

त्याच दुपारी मला कपाटात एक बाटली सापडली. तंकमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तेव्हाचे थेंब, अर्धे उरलेले. डोळ्याचंच औषध, डोळ्याच्याच डॉक्टरने दिलेलं, आणि घरात फुकट पडून. तंकम झोपली असताना मी दोन थेंब घातले. संध्याकाळी पुन्हा दोन. आणि काय सांगू, शनिवारी सकाळी आरशात बघितलं तर लाली निम्मी झाली होती. दुखणंही कमी. मी पत्रोसला कुंपणापाशी बोलावून डोळा दाखवला, अन्नम्माला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. कशाने गेलं ते मात्र सांगितलं नाही. इतक्या लोकांच्या उपायांनी न झालेलं काम एकट्याने केल्याचा तो एक दिवस फार सुखाचा गेला.

रविवारी दुपारपासून डोळा ठणकायला लागला. खुपणं वेगळं आणि ठणकणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. खिडकीतून उजेड आला की तो सुईसारखा आत जायचा. मी खिडक्या लावून घेतल्या आणि काळा चष्मा घालून घरात बसलो. सोमवारी वर्तमानपत्र उघडलं, डावा डोळा झाकला आणि मथळा वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं जागेवर होती, पण दुधात पडल्यासारखी.

मी पेपर घडी करून ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही.

त्या वेळी मी काय विचार करत होतो, ते नंतर मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दाखल्याचा विचार करत होतो. मंगळवारी किती वाजता रांग लावायची, बरोबर कुठले कागद न्यायचे. डोळा जाईल, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला की मी घाईघाईने दाखल्याकडे वळायचो. कागदाची काळजी करणं मला जमतं, एकतीस वर्षांची सवय आहे. दुसरी काळजी करायची कशी हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी तंकमने माझा चष्मा काढला, मला दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि पापणी उचलून निरखून पाहिलं. मग म्हणाली, "बुबुळावर भाताच्या शितासारखं काहीतरी पांढरं आहे." आणि साडी बदलायला आत गेली. मी एकटा जाणार होतो. तिने विचारलंही नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर सलीमा नावाच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मी बसल्याबरोबर अर्जाचा कागद पुढे केला.

"मॅडम, फक्त साथ नाही एवढं लिहून हवं होतं."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. "हनुवटी इथे ठेवा. किती दिवस झाले?"

"दोन."

"नऊ," तंकम मागून म्हणाली.

यंत्रातून निळा उजेड डोळ्यात आला. डॉक्टर बघत राहिल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. मला रागावलेल्या माणसाची भीती वाटत नाही, हळू बोलणाऱ्याची वाटते.

"काय काय घातलंत डोळ्यात?"

मी तगरीचं पाणी सांगितलं, अंजन सांगितलं. तंकमने वाटीचा उल्लेख केला, मी तो खोडून काढला. शेवटी खिशातून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. तंकमने बाटली ओळखली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"हे घातल्यावर दोन दिवस बरं वाटलं असेल," डॉक्टर म्हणाल्या.

"हो."

"वाटणारच. लाली दाबली याने, आणि जखमेत जंतू होते त्यांना मोकळं रान मिळालं. बुबुळावर व्रण झालाय. आजच भरती व्हायचं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, दाण्यापासून झालरीपर्यंत. सांगून झाल्यावर विचारलं, "दाण्याने झालं का हे? खरं सांगा."

"दोन्ही डोळ्यांत घातला होता ना? मग डावा कसा ठीक आहे? कागदाने ओरखडा आला, तुम्ही तो चोळलात, आणि मग नऊ दिवस सगळ्या गावाचं ऐकलंत." त्यांनी बाटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "डोळा नुसता लाल झाला, चुरचुरला, स्वच्छ पाण्याने धुतला आणि दोन दिवसांत कमी होत गेला, तर इथे यायची गरज आहे असं मीही म्हणणार नाही. पण दुखतोय, उजेड सोसत नाही, किंवा धूसर दिसतंय, यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी यायचं. आणि डोळ्यात काही घुसलं असेल तर वाट बघायचीच नाही. तुमचं तर तिन्ही झालं होतं, पिषारडी सर. तुम्ही कसली वाट बघत होता?"

"मंगळवारची," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्यांना ते उत्तर वाटलं नाही.

इस्पितळात मी आठ दिवस होतो. दर तासाला थेंब. तंकम उशाशी गजराचं घड्याळ घेऊन बसायची, माझी पापणी दोन बोटांनी उघडायची, थेंब टाकायची आणि पुन्हा घड्याळ लावायची. चौथ्या दिवसापर्यंत ती माझ्याशी औषधापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही मला तीनदा सांगितलं होतंत, की उरलेलं औषध फेकून दे." मी हो म्हणालो. त्यानंतर आमचं बोलणं सुरळीत झालं.

डोळा वाचला. एक पुसट डाग राहिला. उजव्या डोळ्याने अजूनही सरळ रेघ मध्ये किंचित वाकलेली दिसते. आणि तो दाखलाही मिळाला. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: रोग संसर्गजन्य नाही, परंतु रुग्ण तीन आठवडे कामास अपात्र. ज्या कागदासाठी मी नऊ दिवस हिंडलो, त्यानेच मला घरी बसवलं. बीना मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "सर, मी तेव्हा लगेच इस्पितळात जा म्हणायला हवं होतं. मी दाखला आणा म्हटलं." मी म्हणालो, "मॅडम, नुसतं इस्पितळात जा म्हटलं असतंत तर मी गेलो नसतो."

आशानना मी कळवलं नव्हतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले, बगलेत छत्री, हातात केळ्याच्या वेफर्सची पुडी. पायरीवर अडखळले, सावरले. खोलीत येऊन थेट कपड्यांच्या खुंटीकडे तोंड करून म्हणाले, "कसा आहेस, दामोदरा?"

खुंटीवर माझा सदरा होता.

"इकडे, आशान," मी म्हणालो.

ते सावकाश वळले. पुडी टेबलावर ठेवायला गेले ती टेबलाच्या बाहेर ठेवली. वेफर्स जमिनीभर झाले. दोघेही काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो, म्हणजे मी बघत होतो.

"किती दिवस झाले?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज डॉक्टर सलीमांसारखा हळू झाला होता.

"उजवा गेला त्याला चार वर्षं झाली. डाव्याने या पावसाळ्यापर्यंत बरं दिसत होतं. आता धुकं असतं."

"कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवायचं? शिकवायला दिसायला कशाला लागतं? पाय चुकला की आवाजावरून कळतं मला." ते खुर्ची चाचपून बसले. "लोकांना कळलं तर पोरं यायची बंद होतील. आणि डॉक्टरने बघून नाहीच म्हणून सांगितलं, तर घरी परत कसा जाणार होतो मी?"

मला त्यांना बोलायला पुष्कळ शब्द सुचले आणि त्यातला एकही माझ्या तोंडून शोभला नसता. कपाटात सापडलेल्या बाटलीने डोळा घालवायला निघालेला माणूस मी. मी त्यांच्यासाठी खरं लपवलं होतं आणि ते माझ्यासारख्यांपासून लपवत होते, आणि रविवारच्या रविवार आम्ही एकमेकांसमोर उभं राहून डोळ्यांच्या कलेचा अभ्यास करत होतो.

तंकम केरसुणी घेऊन आली. वेफर्स गोळा करता करता म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे. मी रिक्षा सांगितली आहे. दोघांनी सात वाजता तयार राहायचं." आशान काही बोलणार होते. तिने केरसुणी त्यांच्या पायापर्यंत आणली, त्यांना पाय वर घ्यावे लागले, आणि बोलायचं राहून गेलं.

डॉक्टर सलीमांनी आशानना पाऊण तास तपासलं. थेंब घातले, दाब मोजला, निळा उजेड, पांढरा उजेड. मग खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बसल्या.

"उजव्याची नस सुकली आहे. तो परत येणार नाही, मी खोटं सांगत नाही. डाव्यातही दाब वाढलाय, त्याला आजपासून थेंब, ते कधी चुकवायचे नाहीत. पण डाव्यातलं धुकं मोतीबिंदूचं आहे. ते मी काढू शकते."

"काढल्यावर दिसेल?"

"दिसेल. पाच-सहा वर्षांपूर्वी आला असतात तर दोन्हींनी दिसलं असतं."

आशाननी मान हलवली. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "एकच राहिलं. मान न हलवता वर बघा."

आशानची पाठ ताठ झाली. भुवया किंचित उचलल्या गेल्या आणि डोळे वर चढायला लागले, हळूहळू, जणू समोर डोंगर आहे आणि शिखर अजून बरंच वर आहे. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"खाली."

डोळे उतरले, दरीपर्यंत.

"डावीकडे. आता उजवीकडे."

दिसणारा आणि न दिसणारा, दोन्ही डोळे बरोबर निघाले आणि बरोबर पोचले. खोलीच्या त्या टोकाला कुणीतरी आलंय असं वाटून नर्सने वळून पाहिलं. दारातली रांग आत डोकावत होती. एका बाईने कडेवरच्या मुलाला उंच धरलं.

तपासणी संपली होती. माझ्या वेळची आठवण होती, म्हणून मला ते माहीत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"परत एकदा डावीकडे बघा," त्या म्हणाल्या.

आशाननी बघितलं.